ऐनवेळी येणारे विषय

ग्रामसभेच्या नोटिशीत शेवटचा विषय ठरलेला असतो : 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे.' त्याच्या आधीचे आठ-नऊ विषय ग्रामसेवकाने टाइप केलेले असतात आणि ते गावात कुणीही वाचत नाही. मागील सभेचे इतिवृत्त, जमाखर्च, घरपट्टीची थकबाकी, घरकुलांच्या यादीला मंजुरी हे सगळं उरकेपर्यंत मंडळी देवळामागे तंबाखू मळत उभी राहतात आणि ऐनवेळचा विषय निघाला की चपला काढून आत येतात. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे आमच्या गावात अशीच ऐनवेळच्या विषयातून आली.

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर स्टेशनला कुणाचं नाव द्यायचं हा वाद पुन्हा उकरला जाईल. नारायणगाव आणि आळेफाट्याच्या आसपासचा पट्टा, ऊस, टोमॅटो, थोडी द्राक्षं आणि उसात बिबट्या, एवढी ओळख पुरे आहे.

पुणे आणि नाशिक यांच्यात सरळ रेल्वे नाही हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. साहेबाने १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सोडली. पुढे तो थळघाट चढून नाशिककडे गेला, बोरघाट चढून पुण्याला आला. दोन घाट चढून दमला असावा, कारण या दोन गावांना जोडायचं राहिलं ते राहिलंच. आजही पुण्याहून नाशिकला रेल्वेने जायचं तर आधी सगळा घाट उतरून कल्याणला जायचं आणि पुन्हा घाट चढायचा, नाहीतर दौंड-मनमाड करून सबंध नगर जिल्ह्याचं दर्शन घ्यायचं. शहाणा माणूस एसटीत बसतो आणि चाकणच्या चौकात उतारवयाकडे झुकतो.

तर या दुखण्यावर औषध निघालं. २०२१ साली राज्य सरकारने हिरवा कंदील दाखवला. २३५ किलोमीटरचा दुहेरी मार्ग, ताशी २०० किलोमीटर वेग, खर्च सोळा हजार कोटींच्या घरात आणि पुणे ते नाशिक पावणेदोन तासांत. राज्य वीस टक्के देणार, रेल्वे वीस टक्के देणार, उरलेले साठ टक्के कर्जातून उभे राहणार. आमच्या सोसायटीचे चेअरमन हे ऐकून एवढंच म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच चाललंय त्यांचं."

पहिल्या सभेला एरवी कधी न घडलेली गोष्ट घडली, गणपूर्ती झाली. कायद्याने मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं ग्रामसभेला लागतात. ती कधीच जमत नाहीत. मग सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून गावाचा सगळा कारभार वर्षानुवर्षं तहकूब सभांवरच चालला आहे. पण रेल्वेच्या दिवशी हजेरीच्या रजिस्टरची पानं संपली. उरलेल्यांच्या सह्या शाळेतल्या पोषण आहाराच्या वहीत घेतल्या. त्यामुळे त्या दिवशी दोन क्विंटल तांदळाच्या खाली सरपंचताईंच्या दिरांची सही दिसते.

रेल्वेच्या कंपनीकडून एक तरुण इंजिनियर लॅपटॉप घेऊन आला होता. त्याने मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर नकाशा पाडला. हिरव्या शिवारातून एक तांबडी रेघ सरळ गेली होती. साहेब 'अलाइनमेंट' म्हणत होता. त्याने दोन-चार वाक्यं बोलून घेतली आणि "काही शंका?" असं विचारलं. ही त्याची एकमेव चूक.

पहिली शंका नानांची. नाना बैलगाडा शौकीन. त्यांनी भिंतीजवळ जाऊन त्या रेघेवर बोट ठेवलं. "ही रेघ घाटातून जाती." इंजिनियर म्हणाला, "इथं घाट नाही काका, सपाट जमीन आहे." सभेत क्षणभर शांतता पसरली. ज्याला शर्यतीचा घाट माहीत नाही त्याच्या हाती आपली जमीन द्यायची की नाही, याचा निकाल बहुतेकांच्या मनात तिथेच लागला. मग नानांनी त्याला घाट समजावून सांगितला. बैल कुठे जुंपतात, घोडी कुठून सुटते, निशाण कुठे पडतं, घड्याळ कुणाच्या हातात असतं. सुप्रीम कोर्टाने २०२३ साली शर्यती कायम केल्या, पण त्याच्या आधी सात-आठ वर्षं बंदीत गेली होती. एवढी कोर्टकचेरी करून टिकवलेला घाट आता रेल्वेच्या खाली द्यायचा? "तुमची गाडी घाट किती सेकंदांत काढल?" नानांनी विचारलं. इंजिनियरने मनात गणित करून प्रामाणिकपणे उत्तर दिलं आणि ते ऐकून नाना दुखावले. त्यांच्या बैलांची बारी तीन पट सेकंदांची होती.

गणिताचा विषय निघालाच होता तेव्हा शाळेच्या गुरुजींनी आणखी एक सोडवून दाखवलं. आमच्या शिवाराची लांबी सव्वादोन किलोमीटर. ताशी दोनशेने गाडी गेली तर गाव चाळीस सेकंदांत संपतं. याने मंडळी फार अस्वस्थ झाली. आप्पा म्हणाले, "चाळीस सेकंदांत माणसाला काय दिसणार? येशीची कमान तरी दिसंल का?" कमानीला मागच्याच वर्षी आमदार निधीतून सात लाख लागले होते.

आता मूळ दुखण्यावर येतो. स्टेशन शेजारच्या गावाला होतं. म्हणजे स्टेशन त्यांना आणि रूळ आम्हाला. शेजारच्या गावाशी आमचं वैर कशावरून सुरू झालं हे आता दोन्ही गावांत कुणाला आठवत नाही, त्यामुळे ते मिटवताही येत नाही. जमीन जाणार, पाइपलाइन तुटणार, विहीर बुजणार, हे सगळं एक वेळ सोसता येईल. पण उद्या पुण्याला नोकरीला असलेला पोरगा घरी येताना तिकिटावर त्यांच्या गावाचं नाव वाचणार? तोडगा म्हणून जोडनाव सुचवण्यात आलं. त्यात आधी कोण आणि रेघेनंतर कोण यावर तासभर गेला. तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांनी मध्यस्थी केली आणि त्यांचा शर्ट फाटला.

मी हे सांगतोय त्यावरून वाचकाला वाटेल की गावाच्या शंका सगळ्या अशाच होत्या. तसं नाही. सरपंचताई सभेच्या मध्यभागी बसल्या होत्या. एरवी प्रश्न आला की त्यांचे यजमान उत्तर देतात आणि ताई सही करतात. त्या दिवशी यजमान स्टेशनच्या नावात गुंतले होते, ही संधी साधून ताईंनी विचारलं, "साहेब, रुळाखालून जी मोरी काढणार, तिच्यातून उसानं भरलेली ट्रॉली जाईल का?"

इंजिनियर थांबला. त्याने नकाशा मोठा केला.

"म्हणजे ट्रॉलीची उंची नाही विचारत मी. भरल्यावरची उंची. कारखान्याला जाताना किती भरतात ते बघितलंय का तुम्ही? आणि पावसाळ्यात मोरीत पाणी साचतं. हायवेच्या मोरीत गुडघाभर असतं. आमच्या वस्तीवरची पोरं शाळेला पलीकडं जातात. ती पोहून जायची का? आणि पलीकडं तीन एकर अन् अलीकडं विहीर राहिली, तर पाणी कुठून न्यायचं? रुळाखालून पाइप टाकायचा तर अर्ज कुणाकडं करायचा, तुमच्याकडं का दिल्लीला?"

अख्ख्या सभेत कामाचे प्रश्न एवढेच. इंजिनियरने ते वहीत उतरवून घेतले आणि "नोट केलंय ताई" म्हणाला. माझ्या अनुभवात सरकारी कामात 'नोट केलंय' हे नकाराचं सर्वांत नम्र रूप आहे. तेवढ्यात जोडनावाची भांडणं पुन्हा पेटली आणि मोरी त्या गदारोळात बुडाली.

बिबट्याचाही विषय निघाला. रेल्वेच्या दोन्ही बाजूंना कुंपण घातलं तर बिबटे अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे राहतील, मग दोन्हीकडे सारखे वाटून घेणार का? कुणी म्हणालं, रेल्वेलाच सांगा घेऊन जायला. कुणी म्हणालं, माणिकडोहच्या बिबट निवारण केंद्राला आधीच जागा पुरत नाही. माझा एक भाचा लंडनकडे असतो. त्याने त्याच रात्री मला फोनवर सांगितलं की तिकडेही एचएस-टू नावाची वेगवान रेल्वे गावांमधून चालली आहे, तिथल्या ग्रामपंचायतींनीही अशाच सभा घेऊन आरडाओरडा केला, आणि बकिंगहॅमशायरमधल्या एका रानाजवळ वटवाघळांना गाडीचा धक्का लागू नये म्हणून रुळांवर सुमारे किलोमीटरभर लांबीचं छप्पर बांधताहेत. खर्च दहा कोटी पौंडांच्या वर. मी हे दुसऱ्या दिवशी पारावर सांगितलं. तात्या बराच वेळ विचार करून म्हणाले, "आपल्या गोठ्यावरचा पत्रा उडाला त्याला दोन वर्षं झाली. पंचनामा अजून यायचाय. वटवाघूळ व्हायला पाहिजे होतं."

सभेत शेवटी 'भूसंपादनास तीव्र विरोध' असा ठराव एकमताने झाला. एकमत अशासाठी की ज्यांची जमीन रेघेत होती ते जमीन जाते म्हणून विरोधात होते, आणि ज्यांची रेघेत नव्हती ते आपली का नाही म्हणून विरोधात होते.

कारण मधल्या काळात भाव फुटला होता. बाजारभावाच्या चौपट, थेट खरेदी दिली तर पाचपट, असं जो तो सांगू लागला. आणि मग गावात हरितक्रांती झाली. जिथे कुसळ उगवत नव्हतं त्या माळावर एका रात्रीत केशर आंब्याची बाग उभी राहिली. विहिरी खोदल्या गेल्या, त्यातल्या दोन इतक्या घाईने की पाणी लागायच्या आधीच त्यांना कठडे बांधून झाले. आप्पांच्या धाकट्याने पोल्ट्रीची शेड टाकली. कोंबड्या नंतर बघू म्हणाला. मोजणीला माणसं आली तेव्हा ड्रोनने आधीच काढलेले फोटो त्यांच्याकडे होते. त्यांत माळ माळासारखाच दिसत होता. धाकटा म्हणाला, "ड्रोनवाल्यानं दुसऱ्या गावचा फोटो घेतलाय." मोजणीवाल्यांनी त्याला फोटोतला धाकटाच दाखवला, माळावर पतंग उडवत असलेला.

सातबारा उघडला तेव्हा तर मजाच झाली. आमच्या भागात जमीन एकाच्या नावाने कसली जाते आणि सातबाऱ्यावर पंचवीस-तीस जण नांदतात. त्यांतले काही वारले, काही मुंबईला गेले, एक जण साधू झाला होता. रेल्वेच्या पैशांनी सगळे परत आले. साधूही आला. भगव्यातच आला, पण आधारकार्ड घेऊन. बहिणींनी हक्कसोड दिलेली असते ती साडीचोळीवर. आता मेहुण्यांनी ती साडीचोळी परत करायची तयारी दाखवली. त्या वर्षी भाऊबीजेला ओवाळताना गटनंबर विचारला गेला. वीस वर्षं बांधावरून न बोलणारे दोघे चुलत भाऊ तलाठ्याच्या ऑफिसात एकाच बाकावर बसलेले मी पाहिले. सरकारने आता तलाठ्याला 'ग्राम महसूल अधिकारी' आणि ग्रामसेवकाला 'ग्रामपंचायत अधिकारी' केलं आहे. गावाने अजून केलेलं नाही.

हायवेला बोर्ड लागले : 'रेल्वे टच प्लॉट'. रेल्वेला टच प्लॉट घेऊन माणसाने काय करायचं, रात्री दोनशेच्या वेगाने काचा वाजलेल्या ऐकायच्या? पण गिऱ्हाईक येत होतं. काहींची खरेदीखतं झाली, पैसे मिळाले. काहींची व्हायची होती, पण पैसे मिळणार म्हणून गाड्या आधीच आल्या. पांढऱ्या रंगाच्या, मागच्या काचेवर 'आईवडिलांची कृपा'. कृपा रेल्वेची होती, पण रेल्वेचं नाव काचेवर कोण लिहिणार?

आणि मग दिल्लीहून बातमी आली की हा मार्ग रद्द. खोडदच्या दुर्बिणीला त्रास होतो, म्हणून रेल्वे आता अहिल्यानगर, शिर्डी अशी फिरून नाशिकला जाणार.

खोडदची दुर्बीण म्हणजे जीएमआरटी. गोविंद स्वरूप नावाच्या शास्त्रज्ञाने उभारलेली, रेडिओलहरी ऐकणारी, जगात नाव असलेली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस छत्र्या. चौदा खोडदजवळ एकवटलेल्या आणि सोळा तीन बाजूंना लांबवर पसरलेल्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या क्षीण लहरी त्या तारेच्या जाळ्यांत पकडतात. हा भाग निवडला तोच इथे गोंगाट कमी म्हणून. विजेवरची गाडी वरच्या तारेला घासत जाते तेव्हा ज्या ठिणग्या पडतात, त्यांचा गोंगाट त्या लहरींपेक्षा कितीतरी मोठा. शास्त्रज्ञांचं म्हणणं रास्त आहे आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. हे मी पारावर बोलत नाही.

गावाला मात्र एकच प्रश्न पडला आणि त्याचं उत्तर मलाही सापडलेलं नाही. दुर्बीण काय काल रात्री आली? तीस वर्षं त्या छत्र्या तिथे उभ्या आहेत. विज्ञान दिनाला दरवर्षी शाळेच्या सहली जातात. आमची म्हैस चुकली तर लोक सांगतात, "मोठ्या छत्रीकडं बघितली." २३५ किलोमीटरची रेघ आखताना एकेक छत्री पंधरा मजली इमारतीएवढी आहे, ती कुणाच्याच नजरेला पडली नाही? आप्पांचा धाकटा म्हणाला, "माझी पोल्ट्री बरोब्बर दिसली ड्रोनला."

त्यानंतर महिनाभर गावात जो तो खगोलशास्त्रावर बोलू लागला. सलूनमध्ये मेगाहर्ट्झ निघू लागले. कुणी म्हणे गाडी तेवढ्या पट्ट्यात डिझेलवर चालवा. कुणी म्हणे बोगदा काढा. पोलीस पाटील म्हणाले, तेवढ्या पट्ट्यात गाडी ड्रायव्हरने बंद करावी आणि उतारावर सोडून द्यावी, एसटीवाले करायचे तसं. जुनाच मार्ग ठेवा म्हणून नारायणगावला, संगमनेरला आंदोलनं झाली. आमच्या गावचे दोन ट्रॅक्टर गेले. पहिल्या ट्रॅक्टरवर झेंडा धरून उभे होते नाना. घाटाचं काय, असं मी विचारलं. "घाट सरकवता येतो," नाना म्हणाले.

परत ग्रामसभा लागली. मागणीचा ठराव करायचा होता. ग्रामसेवक तरुण आहे, नियमाला पक्का. त्याने जुनं प्रोसिडिंग काढलं आणि वाचून दाखवलं : "भूसंपादनास तीव्र विरोध. एकमताने मंजूर." सूचक नाना, अनुमोदक आप्पा.

"आता हा ठराव रद्द करायचा का?" ग्रामसेवकाने विचारलं.

"रद्द का करायचा?" आप्पा चिडले. "विरोध होता तो भूसंपादनाला. रेल्वेला कुणी विरोध केला?"

"म्हणजे रेल्वे हवी."

"हवी म्हणजे? पाहिजेच. आमच्या हक्काची हाय."

"आणि जमीन?"

"जमीन द्यायची नाही. ठरावच हाय तसा."

"मग रेल्वे जायची कशावरून?"

"ते इंजिनियरनं बघायचं. तेवढं शिकलाय तो."

ग्रामसेवकाने दोन्ही ठराव एकापुढे एक लिहिले. पहिला कायम, दुसरा नव्याने मंजूर, दोन्ही एकमताने. दुसऱ्याला उपसूचना आली की स्टेशन आमच्याच हद्दीत व्हावं. ती टाळ्यांच्या गजरात संमत झाली. सरपंचताईंनी 'मोरीची उंची व पाण्याचा निचरा' एवढे शब्द घालायला सांगितले. यजमान म्हणाले, "अगं, रेल्वेच नाही तर मोरी कसली?" ताई म्हणाल्या, "रेल्वे नसताना बाकीचं सगळं लिहिलंत ना? मग मोरीपण लिहा." ग्रामसेवकाने लिहिलं.

मग कुणीतरी उठून सांगितलं की पाणीपुरवठ्याची मोटर सकाळपासून जळाली आहे आणि वरच्या आळीला पाणी नाही. चपला घालून निघालेली मंडळी दारातून परत फिरली, आणि सभा रात्री साडेदहापर्यंत चालली.